धापेचा उन्हाळा

परवा मंडईतून येताना तलावाकडं नजर गेली आणि मी थांबले. पाणी काठापासून बरंच आत सरकलं होतं. उघड्या पडलेल्या चिखलाला भेगा गेल्या होत्या आणि त्या चिखलात चार घारी नुसत्या बसल्या होत्या. उडत नव्हत्या, काही टिपत नव्हत्या. कुजक्या शेवाळाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. आता माझी सत्तरी उलटलीय, वाटेत थांबायला मला कारण लागत नाही. पण त्या दिवशी मी दमले म्हणून थांबले नव्हते. त्या वासानं मला त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात नेऊन उभं केलं होतं.

आदल्या वर्षी पाऊस आलाच नव्हता. सोलापूरला पाऊस कमी पडला तर कुणी नवल करत नाही, पण त्या वर्षी नवल करण्याचीही ताकद कुणात उरली नव्हती. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना कडेनं फाटायची आणि तव्यावर टाकली की घरभर उग्र वास सुटायचा. खेड्यातली माणसं खडी फोडायला सडकेवर आलेली. सकाळी आठला ऊन उंबऱ्यात यायचं आणि मग दिवसभर हलायचं नाही. दुपारी गरम वारा सुटला की लिंबाची वाळलेली पानं रस्त्यावरून खरखरत जायची, आणि त्या खरखरीखेरीज दुसरा आवाज नसायचा. काहीतरी होणार आहे, असं सगळ्यांनाच वाटायचं. बोलून कुणी दाखवत नव्हतं.

मला वाटायचं, ते जे काही होणार आहे ते माझ्या आईला होणार.

माझी आई गंगुबाई. गल्ली तिला गंगाक्का म्हणायची. तिचं सगळं वय मिलच्या वाइंडिंग खात्यात गेलं. तिथं सूत बॉबिनवर भरायचं काम असे, आणि हवेत कापसाची धूळ इतकी की शिफ्ट सुटल्यावर बायकांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. भुवया धुता यायच्या, छाती धुता येत नव्हती. मिल सुटली तेव्हा आईची साठी आली होती आणि तिच्या छातीत एक घरघर कायमची राहायला आली होती. आम्ही चाळीत वरच्या मजल्यावर राहायचो. पाण्याची घागर घेऊन जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसायची. घागर मांडीशी धरून, तोंड उघडं टाकून, समोर बघत. मी घागर घ्यायला गेले की हातानंच नको म्हणायची, कारण बोलायला श्वास नसायचा. डॉक्टर गोळ्या द्यायचे, कधी इंजेक्शन द्यायचे आणि म्हणायचे, "हे असंच राहणार, बाई. धुळीपासनं लांब राहा." सोलापुरात धुळीपासून लांब म्हणजे कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी तेव्हा जवळच्याच एका शाळेत मास्तरीण होते. लग्न व्हायचं होतं. त्याच शाळेतून आमचे वाघमोडे सर रिटायर झाले होते. ड्रिलचे मास्तर. काटक, ताठ, काळेसावळे. पांढरी हाफ पँट, पांढरा सदरा, सायकल. रिटायर होऊनही त्यांचा आवाज मैदानाच्या मापाचाच राहिला होता. दिवाळीनंतर एक दिवस ते हेडबाईंकडं आले आणि म्हणाले, "बाई, सकाळी व्हरांडा मोकळाच असतोय. म्हाताऱ्या बायकांना योगासनं शिकवीन म्हनतो."

ऐकणारे हसले. पुरुषांचं ठीक होतं. पण नातवंडं झालेल्या, नऊवारी नेसणाऱ्या बायकांनी हातपाय वर करायचे? सरांनी हसणाऱ्यांकडं लक्षच दिलं नाही. शाळेच्या फाटकाची किल्ली माझ्याकडं असायची, म्हणून मी जायचे. आणि मी जायचे म्हणून एक दिवस आईला ओढून नेलं.

मिलचा पहाटेचा भोंगा झाला की बायका यायच्या. कुणाच्या काखेत जुनी चादर, कुणाच्या काखेत पोतं. आईच्या शेजारी नरसव्वा बसायची. ती विणकराच्या घरातली, तेलुगू बोलणारी. आयुष्यभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळून तिची मान अशी खाली धरली गेली होती की समोरच्याशी बोलताना ती डोळे वर करून बोलायची. हळूहळू दहाबारा जणी झाल्या.

पहिल्या दिवशी सरांनी आईला नुसतं बसवलं आणि तिचा श्वास बघत राहिले. मग म्हणाले, "गंगाक्का, तुमी घेताय लई. सोडत न्हाय. आत जुनाच भरून ऱ्हायलाय, नवा जाईल कुटं? आदी सोडा. सावकाश. दिवा इझवायचा न्हाय, नुसता हालवायचा, आसं सोडा."

आईला ते खुळचटपणाचं वाटलं. पण ती चिवट होती. घरी भाकरी थापताना, निवडताना, न्हाणीच्या दारात उभी असताना ओठांचा चंबू करून श्वास सोडत राहायची. थंडी सरता सरता एक दिवस ती घागर घेऊन थेट वर आली. मी दारात होते. ती माझ्याकडं बघून थांबली, मागं वळून जिन्याकडं बघितलं आणि म्हणाली, "शोभे, मी बसलेच न्हाय की गं."

डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, घरघर आहे तशीच आहे. कापूस गेला नव्हता. पण आईला आता त्याच्याशी कसं वागायचं ते कळलं होतं. ती आडवी होऊन झोपायला लागली. त्याआधी कितीतरी वर्षं ती भिंतीला टेकूनच झोपत आली होती. नरसव्वाची मान दोन्ही बाजूंना वळायला लागली. "आता सुनबाई मागून काय करतो, दिसतो मला," असं ती म्हणायची आणि बायका हसून लोळायच्या. नुसती म्हातारपणाची दुखणी घेऊन घरात कोपरा धरलेल्या बायका पहाटे मोकळ्या आवाजात हसायच्या, हे मला सगळ्या आसनांपेक्षा मोठं वाटायचं.

आता आमच्या इथल्या बागेत सकाळी योगवर्ग असतो. मीही जाते. शिकवणारा मुलगा गुणी आहे, त्याच्याकडं माइक आहे. तो अधूनमधून उत्साहानं म्हणतो, "रोज करा, सगळे आजार पळून जातील!" सगळे टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही.

सरही तसंच म्हणायचे. त्यांना माइक लागत नव्हता. "मी आजपत्तुर दवाखान्याची पायरी चढलो न्हाय," असं ते छातीवर हात मारून सांगायचे, आणि बायका त्या छातीकडं देवाकडं बघावं तशा बघायच्या. त्यातून पहिली वाईट गोष्ट झाली. फाल्गुनात नरसव्वा एकदा खाली वाकली ती वर येताना भेलकांडली. आईनं तिला धरलं. विचारता विचारता बाहेर आलं की रक्तदाबाच्या गोळ्या तिनं केव्हाच बंद केल्या होत्या.

"सरांनी सांगितलं?" आईनं विचारलं.

"नाही. सर नाही सांगितला. सर गोळी खात नाही ना? म्हणून मी बी सोडला."

आई त्याच दिवशी तिला ओढत डॉक्टरांकडं घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर सरांना म्हणाली, "सर, तुमी गोळ्या सोडा म्हनला न्हाई, खरं हाय. पर घ्या असं बी म्हना की एकदा."

सर हसले. म्हणाले, "घ्या बाबा, घ्या." पण ते हसणं मला आवडलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता. सकाळची वेळ, वारा गार होता, आणि आमच्यापैकी कुणालाच घाम आलेला नव्हता.

त्यानंतर मी बघायला लागले. ते शीर्षासन करून दाखवायचे ते बंद झालं. म्हणाले, उन्हाळ्यात करू नये. सायकलवरून यायचे, ते सायकल हातात धरून चालत यायला लागले. बोलता बोलता थांबून डावा खांदा चोळायचे, आणि कुणी बघतंय असं दिसलं की तोच हात वर उचलून आसनात न्यायचे. आईच्याही ते ध्यानात आलं होतं. आम्ही दोघी घरी येताना त्याबद्दल बोलत नव्हतो. तलावाच्या कडेनं चालायचो. पाणी रोज थोडं मागं जायचं. एका सकाळी काठाला मेलेले मासे पांढरी पोटं वर करून पडलेले दिसले आणि आईनं पदर नाकाला लावला.

चैत्रात एका भर दुपारी सरांच्या बायको, कावेरीकाकू, आमच्याकडं आल्या. त्या अक्कलकोटकडच्या, बोलण्याला कानडी हेल. वर्गाला त्या कधी यायच्या नाहीत. सगळ्या गावाला शिकवणाऱ्या नवऱ्याबद्दल त्यांच्या मनात एक अढी होती. त्या दिवशी मात्र डोक्यावर पदर घेऊन, चटके बसणाऱ्या रस्त्यानं चालत आल्या होत्या. पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "अक्का, ह्यांचं काय तरी बिघडलंय की हो. जेवता जेवता उठतेत. भिंत धरून हुबं ऱ्हातेत. इचारलं की वात म्हंतेत."

"कधीपासनं?"

"शिवरात्रीपासनं."

आईनं भाकरीचं पीठ तसंच ठेवलं. म्हणाली, "चला."

मी पाठोपाठ गेले. सर ओसरीवर बसले होते. आईनं बसायचीही वाट बघितली नाही. "सर, उद्या डाक्टरकडं जायाचं. मी येते संगट."

"अवो गंगाक्का, वात हाय. पवनमुक्तासन केलं की जातोय."

"आन परत येतोय."

सर हळू आवाजात, मैदानाचा आवाज कुठं तरी ठेवून दिल्यासारखे म्हणाले, "माजी आई दवाखान्यात गेली ती परत आली न्हाय. मी ल्हान हुतो. तवापासनं तितल्या वासानंच मी माघारी फिरतोय. आन आता मीच जाऊन पडलो तर ह्या बायका काय म्हंतील? सराचाच योग फुकट गेला, म्हंतील. उद्या व्हरांड्यात कोन यील?"

"आमी येऊ," आई म्हणाली. "तुमी आजारी पडलासा म्हनून माजा जिना परत उंच हुनार हाय व्हय?"

"बगतो," सर म्हणाले. "एवढा उन्हाळा जाऊ द्या."

येताना आई एवढंच बोलली, "हा मानूस जानार." आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

वैशाखातल्या त्या सकाळी वारा पडला होता. पान हलत नव्हतं. सर जरा उशिरा आले, तोंड राखाडी दिसत होतं. बायकांना त्यांनी ताडासनात उभं केलं, हात वर न्यायला लावले, आणि स्वतः हात वर नेता नेता व्हरांड्याच्या पायरीवर बसले. बसले म्हणजे पाय जसे दुमडले तसे खाली आले. बायकांचे हात वरच राहिले.

"चालू ठिवा," सर म्हणाले. सदरा छातीला चिकटला होता. त्यांनी एक नाकपुडी बोटानं दाबली आणि श्वास घ्यायला लागले.

आई पुढं झाली. "सर, उटा. दवाखान्यात."

"पाच मिंटं. आत्ता जाईल." त्यांनी डोळे मिटून घेतले. आणि बायका खरंच उभ्या राहिल्या. सरांनी सांगितलं होतं ना. नरसव्वाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं हात खाली घेतले नव्हते. इतकी वर्षं झाली, ते वर धरलेले हात मला अजून दिसतात.

आई मागं वळली. "हात खाली घ्या गं!" ती ओरडली. असा आवाज मी तिच्या छातीतून कधी ऐकला नव्हता. "नरसव्वा, सरांचं डोकं धर. पानी पाजू नगंस. शोभे, टांगा बघ."

मी फाटकातून बाहेर पळाले. रस्ता ओस होता. टांग्याच्या अड्ड्याच्या दिशेनं मी जरा गेले असेन, तोच कुणीतरी माझ्या बाजूनं पुढं गेलं. ती आई होती. लुगड्याचा घोळ एका हातात धरलेला, पाय अनवाणी, केस सुटलेले. डॉक्टरांचं घर तलावाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर होतं आणि आई तिकडं पळत चालली होती. मी माझ्या आईला जन्मात पळताना पाहिलं नव्हतं. क्षणभर मी टांगा विसरले. ती आत्ता पडेल, आत्ता बसेल, आत्ता तोंड उघडून रस्त्यात बसेल, असं वाटत होतं. तेच तर होणार होतं, मी वर्षभर त्याचीच वाट बघत होते. ती बसली नाही. वळणावर दिसेनाशी झाली.

मी टांगा घेऊन आले तेव्हा डॉक्टर स्कूटरवरून पोचले होते, आई मागच्या सीटवर. त्यांनी इंजेक्शन दिलं, नाडी धरली, आणि आमच्याकडं बघितलं नाही. सरांना टांग्यात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. कावेरीकाकूंना तिथंच आणलं. "कधीपासून दुखत होतं?" डॉक्टरांनी विचारलं. काकूंनी सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. सर खाटेवर पांढऱ्या चादरीत अगदी लहान दिसत होते. आईला बघून त्यांनी बोटानं जवळ बोलावलं.

"पळत गेलासा म्हनं?"

"व्हय."

"तलावाच्या पल्याडपत्तुर?"

"व्हय."

"धाप लागली?"

"लागली. पर मोडले न्हाय. सोडत सोडत गेले."

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कसं सांगू? वर्गातल्या सगळ्यात ढ पोरानं शर्यत जिंकावी आणि मास्तरानं ती बघावी, तसं काहीतरी. "मग झालं की," ते म्हणाले. त्यांना बोलू नका म्हणून नर्स आली. आम्ही बाहेर आलो. तिन्हीसांजेला सर गेले.

आई रडली नाही, ती संतापली. कितीतरी दिवस ती संतापलेली होती. "माजा श्वास इचारत बसला," म्हणायची. "सोताच्या दुकन्याला सारखं गप बस, गप बस. सोताचं शरीर म्हंजे काय वर्गातलं पोर हाय, दटावलं की गप बसायला?"

गल्लीत दोन पक्ष पडले. एक म्हणायचा, एवढा योग केला आणि काय उपयोग झाला, गेलाच की. दुसरा म्हणायचा, योग होता म्हणून इतकं तरी जगला. आई दोन्हीकडं नकाराची मान हलवायची. मला वाटतं, तिला जे कळलं होतं ते कुणालाच ऐकायचं नव्हतं. ती स्वतः पळाली होती, ते सरांनी शिकवलेल्या श्वासावर; आणि सर गेले होते, तेही त्याच श्वासावर ठेवलेल्या आंधळ्या भरवशानं. एकच गोष्ट एकाला उठवते, दुसऱ्याला उठू देत नाही. ती औषधाच्या जोडीला बसते, की औषधाच्या जागेवर बसते, एवढाच फरक असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

व्हरांडा बंद झाला. बायका घाबरल्या होत्या. ज्यानं शिकवलं त्यालाच नेलं, तर ही विद्याच अपशकुनी, असं कुणीतरी म्हणालं. नरसव्वाची मान पुन्हा खाली गेली. पहाटेचा भोंगा व्हायचा, आई उठून बसायची, आणि अंधारात भिंतीकडं बघत राहायची. मृगही कोरडाच गेला. आकाश राखेसारखं, आणि तलावाच्या जागी नुसतं एक हिरवट डबकं उरलं होतं.

मग एका सकाळी आईनं मला उठवलं. "किल्ली घे," म्हणाली. त्याआधी ती घरोघर फिरली होती, हे मला नंतर कळलं. एकेकीला घेऊन ती डॉक्टरांकडं गेली होती. डॉक्टरांनी एकेकीचा रक्तदाब बघितला, छाती ऐकली, कुणी काय करायचं, कुणी खाली वाकायचं नाही, ते सांगितलं. नरसव्वानं गोळ्या पुन्हा सोडल्याचं तिथंच सापडलं. आईनं तिला काय काय ऐकवलं असेल, देव जाणे. नरसव्वा नंतर पुष्कळ वर्षं जगली, रोज आईसमोर गोळी गिळून दाखवत.

पहिल्या दिवशी पाच-सहा जणीच आल्या. शिकवणारं कुणी नव्हतं. आई पुढं बसली, पण शिकवल्यासारखं तिला बोलता येईना. सगळ्या एकमेकींकडं बघत बसल्या. तेवढ्यात फाटक वाजलं. कावेरीकाकू आत येत होत्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. त्या वर्गाला पहिल्यांदाच येत होत्या. व्हरांड्याच्या पायरीशी आल्या आणि तिथं अडखळल्या. मग पायरीच्या कडेनं पाय उचलून वर आल्या, आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीशी बसल्या.

आई म्हणाली, "कावेरी, तुला काय दुखतंय?"

"काय न्हाई की," काकू म्हणाल्या. "बरीच हाय मी."

आई उठली. बायकांच्या मधून वाट काढत मागं गेली आणि त्यांच्यासमोर खाली बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"आसं न्हाई चालायचं," ती म्हणाली. "खरं सांग. कुटं दुखतंय?"

काकूंची हनुवटी हलायला लागली. मग त्यांनी उजवा हात उचलून कमरेवर ठेवला. "हितं," त्या म्हणाल्या. मग गुडघ्यावर ठेवला, "हितं बी." मग डोक्यामागं नेला. झोप येत नाही म्हणाल्या. घास उतरत नाही म्हणाल्या. सांगता सांगता आवाज फुटला तरी त्या थांबल्या नाहीत, आणि कुणी त्यांना थांबवलंही नाही. त्यांचं झालं तशी नरसव्वानं आपलं सांगायला सुरुवात केली.

त्या दिवशी आसनं झालीच नाहीत. ऊन व्हरांड्यात शिरलं, चादरी तापल्या, शाळा भरायची वेळ आली, तरी बायका एकेक करून आपली दुखणी सांगत बसल्या होत्या.